लक्सकडून भाड्याने ब्रिटिश अवांगार्ड फिल्म: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या हॉलसाठी परीक्षण

लंडनच्या लक्स या संस्थेकडून ब्रिटिश अवांगार्ड, म्हणजे प्रायोगिक, फिल्म भाड्याने मागवाव्यात का, असा प्रश्न सीमाभागातल्या एखाद्या फिल्म मंडळाला किंवा कॉलेजच्या माध्यम विभागाला पडला असेल, तर उत्तर हो असंच आहे. पण तीन गोष्टी सांभाळा. फाईल मागवा, रीळ नको. हॉल पुरता काळोखा होत असेल तरच मागवा. आणि प्रोजेक्टर भाड्याने देणाऱ्याने नवा फुल एचडी पुढे केला, तरी त्याचा जुना, कमी रुंद चित्राचा एक्सजीए प्रोजेक्टर कुठे कोपऱ्यात पडलाय का ते आधी विचारा. पैसे पौंडात जातात. ते वाया गेलेच तर बहुधा हॉलमुळे जातात, फिल्म बिचारी निर्दोष असते.

लक्स हे डीव्हीडीचं दुकान नव्हे, वितरक आहे. त्याचं मूळ १९६६च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या लंडन फिल्ममेकर्स को-ऑपरेटिव्हमध्ये. या को-ऑपने पुढच्या काही वर्षांत एक वेगळीच गोष्ट केली: फिल्म धुवायचं यंत्र, प्रिंट काढायचं यंत्र, दाखवायची जागा आणि वितरण, सगळं एका छपराखाली आणलं. कलावंत स्वतःच्या हाताने प्रिंट काढायचा आणि त्याच इमारतीत ती दाखवायचा. १९९७ मध्ये को-ऑप हॉक्स्टन चौकातल्या नव्या इमारतीत गेली, व्हिडिओवाल्यांच्या संस्थेत मिसळली, २००१ मध्ये ते केंद्र बंद पडलं आणि २००२ मध्ये लक्स नव्याने उभी राहिली. आता तिचा पत्ता उत्तर लंडनच्या वॉटरलो पार्कमधला आहे.

हा इतिहास इथे सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. को-ऑपचं तत्त्वच असं होतं की फिल्म आणून देईल त्याची ठेवून घ्यायची, चाळणी लावायची नाही. त्यामुळे आजच्या सूचीत हजारो कामं आहेत, पण त्यातली बरीचशी कोणी निवडून, पाखडून ठेवलेली नाहीत. प्रत्येक कामाच्या पानावर साल, लांबी, रंग, ध्वनी आणि कुठल्या स्वरूपात मिळेल हे दिसतं. तांत्रिक माहितीपुरता या पानांवर विसंबायला हरकत नाही. सोबतचं वर्णन मात्र पुष्कळदा कलावंताचंच असतं आणि सत्तरच्या दशकातल्या सिद्धान्ताच्या भाषेत असतं. ते वाचून कार्यक्रम ठरवला तर एकाच सुरातल्या पाच फिल्म हाती लागतात आणि तिसऱ्या फिल्मला मागच्या रांगेतल्या खुर्च्या करकरायला लागतात.

आमच्या मते पहिल्या कार्यक्रमासाठी पन्नास मिनिटं पुरेत. जॉन स्मिथची 'ओम' (१९८६, ४ मिनिटं), लिस रोड्सची 'ड्रेस्डन डायनॅमो' (१९७१-७२, ५ मिनिटं), माल्कम ल ग्रीसची 'बर्लिन हॉर्स' (१९७०, ९ मिनिटं), पुन्हा जॉन स्मिथची 'द गर्ल च्युइंग गम' (१९७६, १२ मिनिटं) आणि शेवटी ख्रिस वेल्सबीची 'सेव्हन डेज' (१९७४, २० मिनिटं). क्रम बदलू नका. 'ओम'ला भाषा लागत नाही आणि ती हसवते, म्हणून ती आधी. 'सेव्हन डेज' संथ आहे, डोळे स्थिरावल्यावरच ती दिसायला लागते, म्हणून ती शेवटी. दोन फिल्मच्या मध्ये तीस-चाळीस सेकंद निखळ काळोख ठेवा. लॅपटॉपचा डेस्कटॉप, त्यावरचा गणपतीचा फोटो आणि फाईलींचे चौकोन पडद्यावर आले की आधीच्या नऊ मिनिटांवर बोळा फिरतो. पाचही फाईली प्लेलिस्टमध्ये लावून मधे काळ्या चित्राची एक छोटी फाईल घालावी, म्हणजे ऑपरेटरला हात लावावाच लागत नाही.

मागणी पाठवताना पहिल्याच ईमेलमध्ये तारीख, गाव, हॉलची आसनसंख्या, तिकीट आहे की नाही, खेळ किती आणि फाईल कुठल्या स्वरूपात हवी हे सगळं लिहा. भाडं फिल्मगणिक वेगळं असतं, म्हणून एकत्र कोटेशन मागवा. लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेचार. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन किंवा अडीच. शुक्रवारी संध्याकाळी आठवलेल्या प्रश्नाचं उत्तर सोमवारी दुपारनंतर येणार हे धरूनच चाला. पैसे पाठवायला बँकेच्या परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेत जावं लागतं, तिथे बिल आणि ए-२ फॉर्म मागतात, वर बँकेचं शुल्क वेगळं. मंडळाच्या खात्यातून परदेशी वितरकाला भाडं देताना करकपात लागते का, हे सीएला आधीच विचारून ठेवा. ऐनवेळी हे निघालं की आठवडा जातो. सगळं धरून दीड-दोन महिने हातात असावेत.

फाईल कुठली मागायची यावर जरा थांबून बोलू. प्रोरेस एचक्यू ही वितरकांची आवडती फाईल, पण १०८० रेषांच्या चित्राला ती सेकंदाला १७६ मेगाबिट खाते. म्हणजे 'गर्ल च्युइंग गम'ची बारा मिनिटं जवळपास १६ जीबी. ही फाईल पेनड्राईव्हवरून चालवली की चित्र अडखळणार, लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर उतरवूनच चालवा. एच.२६४ या जास्त दाबलेल्या प्रकारात सेकंदाला २० मेगाबिटची फाईल मिळाली तर तीच फिल्म पावणेदोन-दोन जीबीत बसते आणि दहा फुटी पडद्यावर फरक कळायला सराईत डोळा लागतो. प्रोजेक्टरच्या यूएसबी खाचेत पेनड्राईव्ह खुपसून दाखवायची सवय इथे सगळीकडे आहे. त्यात खोट अशी की बऱ्याच प्रोजेक्टरना फॅट-३२ पद्धतीचाच ड्राईव्ह वाचता येतो आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावतच नाही. शिवाय वेगावर तुमचा काही ताबा राहत नाही. लॅपटॉप आणि तारच बरी.

वेगाचं म्हणाल तर या फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालतात. युरोपातल्या जुन्या व्हिडिओ-प्रती २५ने केलेल्या असतात, म्हणजे चार टक्के घाईत. बारा मिनिटांची फिल्म २९ सेकंद लवकर संपते आणि आवाज किंचित चढा लागतो. कथाचित्रात हे खपून जातं. पण 'ड्रेस्डन डायनॅमो'मध्ये चित्रच ध्वनिपट्टीवरही गेलेलं असल्याने तेच आवाज करतं, तिथे वेग बदलला की सूरच बदलला. म्हणून मागणीतच लिहा: २४ चौकटींची, नव्याने स्कॅन केलेली प्रत असेल तर ती पाठवा. लॅपटॉप मुळात सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतो, त्यात २४ चौकटी सम भागात बसत नाहीत. एक चौकट दोनदा, पुढची तीनदा, असा लंगडा ठेका तयार होतो. प्रोजेक्टर घेत असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये २४ हर्ट्झ निवडा. २५ची फाईल आलीच असेल तर ५०.

आता तो जुना एक्सजीए प्रोजेक्टर. १६ मिमी फिल्मचं चित्र जवळजवळ ४:३, म्हणजे उंचीच्या मानाने रुंदी थोडीच जास्त. फुल एचडी प्रोजेक्टरची चित्र घडवणारी आतली काच १६:९. तिच्यात ४:३ चित्र घातलं की दोन्ही बाजूंची पाव काच काळी राहते आणि पाव उजेड फुकट जातो. एक्सजीएची काच १०२४ गुणिले ७६८, म्हणजे नेमकी ४:३, पूर्ण वापरली जाते. हिशेब असा: पडदा १० फूट रुंद, साडेसात फूट उंच, म्हणजे ७५ चौरस फूट. सिनेमागृहातला उजेड साधारण १६ फूट-लँबर्ट (पडद्याच्या उजळपणाचं माप) धरला तर पडद्यावर १२०० ल्युमेन पोचायला हवेत. १६:९ प्रोजेक्टरला त्यासाठी १६०० ल्युमेन टाकावे लागतात. खोक्यावर छापलेला आकडा 'ब्राइट' मोडचा असतो, ज्यात गोऱ्या माणसाचा चेहरा हिरवा दिसतो. रंग ठीक दिसणाऱ्या मोडमध्ये त्याच्या निम्माच धरा. म्हणजे खोक्यावर ३२०० लिहिलेला १६:९ प्रोजेक्टर आणि २४०० लिहिलेला एक्सजीए इथे सारखेच. शाळा-कॉलेजांनी काढून टाकलेले एक्सजीए मांडववाले आणि साऊंडवाले यांच्याकडे निम्म्या भाड्यात मिळतात, कारण लग्नाच्या लाईव्ह शूटिंगला ते कोणी घेत नाही.

त्याचे दोषही आहेत. बारकावा निम्म्यावर येतो: ४:३ भागात फुल एचडीचे साडेपंधरा लाख ठिपके, एक्सजीएचे पावणेआठ लाखांच्या वर थोडे. बहुतेकांना जुनी व्हीजीए तार लागते आणि २४ हर्ट्झ ते घेत नाहीत. शिवाय फाईलमध्येच बाजूच्या काळ्या पट्ट्या आल्या असतील तर एक्सजीएवर चित्र चहूबाजूंनी काळ्या चौकटीत आकसून मधे बसतं. उपाय सोपा आहे: व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये सी ही कळ दाबत ४:३वर क्रॉप आणा. शेजारची ए कळ मात्र दाबू नका, ती चित्र ताणते. हॉल लहान, प्रेक्षक चाळीसच्या आत आणि प्रोजेक्टर चांगला असेल तर फुल एचडीच घ्या. शंभर खुर्च्यांच्या हॉलात आमचं मत एक्सजीएला.

दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी मेनूत जाऊन डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ऑटो आयरिस, वीज वाचवणारा इको मोड आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. चित्र काळं पडलं की ही यंत्रं आपणहून दिवा मंद करतात आणि उजळलं की दचकून वाढवतात. लुकलुकणाऱ्या फिल्मचा त्यात चुराडा होतो. कीस्टोन, म्हणजे तिरक्या प्रोजेक्टरचं चित्र सरळ करणारी सोय, हीही शून्यावर ठेवा, प्रोजेक्टर पडद्याच्या मध्यरेषेवर सरळ मांडा. 'ड्रेस्डन डायनॅमो' कॅमेऱ्याशिवाय, लेट्राटोनच्या बारीक ठिपक्यांचे कागद थेट फिल्मवर चिकटवून केलेली आहे. कीस्टोनने चित्र तिरकं ओढलं की त्या ठिपक्यांमध्ये लाटालाटांची भलतीच नक्षी उमटते आणि प्रेक्षकाला ती कलावंताचीच वाटते. ही नक्षी एक्सजीएवर चित्र आखडल्यानेही थोडी येते. फोकस केसभर सैल केला की जाते.

'ड्रेस्डन डायनॅमो'चा आवाज प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर सोडू नका. चिकटवलेले ठिपके फिल्मच्या कडेच्या ध्वनिपट्टीवरही गेलेले आहेत, म्हणून जे दिसतं तेच ऐकू येतं. तो आवाज करकरीत आणि जाड आहे, त्याला आठ-दहा इंची स्पीकरच हवा. साऊंडवाल्याला सांगून आवाज घुमवणारा इको बंद करून घ्या. आपल्याकडे मिक्सरवर इको कायमचा चढवलेलाच असतो.

हॉलबद्दल. बेळगावातल्या, खानापुरातल्या जुन्या हॉलना छताजवळ झरोके असतात आणि पडदे असले तर पिवळसर, उजेड गाळणारे. पीटर गिडालच्या 'रूम फिल्म १९७३'सारखी फिल्म तर काठावरच्या अंधारातच घडते. तिथे एक झरोका उघडा राहिला तरी पडदा नुसता करडा दिसतो. स्वस्त उपाय शेतीच्या दुकानात आहे: भाजीला घालतात तो चंदेरी-काळा मल्चिंग पेपर. २५ किंवा ३० मायक्रॉनचा, चार फूट पन्ह्याचा. दुहेरी करून, काळी बाजू आत ठेवून, रुंद चिकटपट्टीने खिडकीच्या चौकटीला लावा. काचेला लावू नका, निघताना डाग राहतात आणि हॉलवाल्याशी वाद होतो. दाराला दोन थरांचा पडदा हवा, उशिरा येणारा माणूस एका थरातून आत आल्यावर दुसरा उघडेल असा. पडद्यासाठी फ्लेक्सची पाठ वापरायची पद्धत आहे, ती टाळा. फ्लेक्स चमकतो आणि मधोमध उजेडाचा गोळा दिसतो. पांढरा मॅट रंग मारलेली सपाट भिंत त्याहून कितीतरी बरी. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळं कापड घट्ट ताणून लावलं की चित्र उठून येतं. या एका गोष्टीचा परिणाम प्रोजेक्टर बदलण्याइतका होतो.

गिडालची ही फिल्म मूक आहे, आणि मूक फिल्ममध्ये छताचे पंखे हाच साऊंडट्रॅक होतो. म्हणून हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. बेळगावची थंडी इथे कामी येते, पंखे बंद ठेवले तरी कोणी कुरकुरत नाही. जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस वाजतो आणि लाईटचा भरवसा नसतो. पावसाळ्यातच कार्यक्रम करायचा तर प्रोजेक्टर आणि लॅपटॉपला १ केव्हीएचा यूपीएस हवा. तो पूर्ण खेळ चालवण्यासाठी नव्हे, जनरेटर सुरू होईपर्यंतची मिनिटं भरून काढण्यासाठी. दिव्याचा प्रोजेक्टर गरम असताना वीज गेली की आतला पंखाही थांबतो, दिवा आतल्या आत तापतो आणि लाईट आली तरी काही मिनिटं थंड झाल्याशिवाय पेटत नाही. त्या वेळात बटणं दाबत बसणाऱ्या ऑपरेटरला आवरायला एक माणूस ठेवा.

ऑपरेटरला आधी बसवून समजावणं हे या सगळ्या खर्चातलं सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त विसरलं जाणारं काम. लिस रोड्सच्या 'लाईट रीडिंग'मध्ये (१९७८) सुरुवातीला बराच वेळ पडदा काळा असतो आणि नुसता आवाज चालतो. डेरेक जार्मनच्या 'ब्लू'मध्ये (१९९३) ७९ मिनिटं पडद्यावर एकच निळा रंग, दुसरं काही नाही. सिग्नल तुटल्यावर प्रोजेक्टर निळाच होतो, तेव्हा तार हलवायला धावणाऱ्या पोराचा दोष काय? कागदावर वेळेसकट लिहून द्या: इथे काळं आहे, इथे निळं आहे, हात लावू नये.

लुकलुकीची सूचना मात्र गंभीरपणे द्या. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप अपस्मार असलेल्या काही जणांना झटका आणू शकते. 'ड्रेस्डन डायनॅमो'त ती जोरात आहे, 'बर्लिन हॉर्स'मध्ये सौम्य. दारावर आणि सुरू होण्याआधी माईकवरून, मराठीत आणि कन्नडात दोन्हीकडे सांगा. नुसत्या इंग्रजी फलकाने काम झालं असं समजू नका.

उपशीर्षकांची गरज आमच्या पाचांत एकाच फिल्मला आहे, 'द गर्ल च्युइंग गम'ला. लंडनच्या डाल्स्टन भागातला एक गजबजलेला रस्ता, आणि पडद्यामागून एक आवाज प्रत्येकाला हुकूम सोडतोय: आता म्हातारा डावीकडून येऊ दे, आता तू मागे बघ. माणसं तसंच करतात. मग हळूहळू हुकूम माणसांवरून कबुतरांवर आणि घड्याळाच्या काट्यांवर जातात, आणि प्रेक्षक हसायला लागतो. ही सगळी गंमत हुकूम आधी आणि हालचाल नंतर या क्रमात आहे. म्हणून मराठी ओळ आवाजासोबत, शक्य तर पाव सेकंद आधी यायला हवी. हालचालीनंतर आली तर ती नुसती धावती कॉमेंट्री होते आणि विनोद मेला. ओळी छोट्या ठेवा, एका वेळी एकच, पस्तीस अक्षरांच्या आत. त्या चित्रावर न टाकता खाली काळ्या पट्टीत टाकता आल्या तर उत्तम, कारण रस्त्याच्या तळाशीच बरंच काही चाललेलं असतं.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला टायपिंगचा. खडेबाजारातल्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर टाईप करून आणला तर व्हीएलसीत सगळी अगम्य चिन्हं दिसतात. युनिकोडमध्येच टाईप करा, फाईल यूटीएफ-८ म्हणून साठवा आणि व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये नोटो सान्स देवनागरी किंवा मंगल निवडून जोडाक्षरं नीट येतात का ते पाहा. दुसरा वेगाचा. २५ चौकटींच्या प्रतीवर बसवलेली उपशीर्षकं २४च्या फाईलला लावली की मिनिटाला अडीच सेकंदांनी सरकत जातात. पहिल्या मिनिटाला कोणाला कळत नाही, शेवटी जवळपास अर्धं मिनिट फरक पडलेला असतो. जी फाईल दाखवणार तिच्यावरच वेळा बसवा.

'सेव्हन डेज' अभ्यासासाठी या यादीतली सर्वात मोलाची. वेल्सबीने वेल्समधल्या कार्निंगली डोंगराच्या उतारावर, एका ओढ्याकाठी, दुर्बिणीला वापरतात त्या विषुववृत्तीय बैठकीवर कॅमेरा बसवला. ती बैठक पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगाने उलट फिरते, म्हणून कॅमेरा सूर्याशी एका रेषेत राहतो. दिवसभर दर दहा सेकंदाला एक चौकट. सूर्य ढगाआड असला की कॅमेरा आकाशाकडे, ऊन पडलं की कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सावलीकडे जमिनीवर. संकलन कोणी केलं? ढगांनी. विद्यार्थ्यांना हिशेब मांडायला लावा: मिनिटाला ६ चौकटी, तासाला ३६०, म्हणजे पडद्यावर १५ सेकंद. बारा तासांच्या दिवसाची तीन मिनिटं, सात दिवसांची एकवीस. फिल्म वीस मिनिटांची आहे. आकडा जुळला की ती भोंगळ निसर्गदृश्य न राहता एक नियम होते, आणि दुसऱ्यांदा पाहताना पोरं घड्याळ धरून बसतात.

याचा प्रयोग मोबाईलवर होतो. खानापूरजवळ मलप्रभेच्या काठी किंवा राकसकोपच्या बाजूला स्टँड घट्ट रोवा, टाईमलॅप्स दहा सेकंदांवर लावा, एक्स्पोजर आणि फोकस कुलूपबंद करा. ते मोकळे सोडले की प्रत्येक ढगाबरोबर चित्र फडफडतं आणि आपल्याला वाटतं काहीतरी अवांगार्ड झालं. विषुववृत्तीय बैठक नसेल तर वर-खाली कॅमेरा हाताने फिरवा, नियम तोच. जुलैत करू नका, तिकडे महिनाभर सूर्यच दिसत नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, ऊन-ढगांचा पाठशिवणीचा खेळ चालू असतो तेव्हा.

'बर्लिन हॉर्स'मध्ये दोन तुकडे आहेत: जर्मनीत हँबुर्गजवळच्या बर्लिन नावाच्या खेड्यात चित्रित केलेला गोल धावणारा घोडा, आणि सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळातला, जळत्या तबेल्यातून घोडे बाहेर काढतानाचा. ल ग्रीसने ते प्रिंटिंगच्या यंत्रावर रंगीत फिल्टरमधून पुनःपुन्हा छापले. संगीत ब्रायन ईनोचं. प्रिंट काढायचं यंत्र को-ऑपच्या घरातच असणं म्हणजे काय, ते या नऊ मिनिटांत कळतं.

सूचीत आणखी एक जात आहे, एक्स्पांडेड सिनेमा, जिच्यात फाईल पुरत नाही. गाय शेरविनचं 'मॅन विथ मिरर' तो स्वतः आरसा धरून उभा राहिल्याशिवाय होत नाही. रोड्सच्या 'लाईट म्युझिक'ला समोरासमोर दोन प्रोजेक्टर आणि मधे धूर लागतो. सीमाभागातल्या मंडळाने यातलं एकच करून पाहावं, ल ग्रीसचं 'कॅसल वन' (१९६६). त्याला पडद्यासमोर टांगलेला एक साधा बल्ब लागतो, जो मधूनमधून पेटतो आणि विझतो. पेटला की चित्र पुसलं जातं आणि प्रेक्षकांना एकमेकांचे चेहरे दिसतात. वायरमनकडून होल्डर, दहा मीटर तार आणि मागे हातात धरायचा स्विच एवढंच करून घ्या. एलईडी नको, तो झटकन विझतो. तारेचा बल्ब किंचित रेंगाळतो, आणि १९६६ साली तोच होता. ६० वॅट पुरे. परवानगी आणि बल्बच्या सूचना लक्सकडूनच लेखी घ्या.

१६ मिमी प्रिंट मागवू नका असं सुरुवातीलाच म्हटलं, त्याची कारणं. येण्याजाण्याचा विमा, कस्टम्स, आणि ओरखडा पडला तर भरपाई. पण खरं कारण यंत्र. जुन्या बेल अँड हॉवेल प्रोजेक्टरमधला प्लॅस्टिकचा वर्म गिअर कालांतराने तडकतो, पट्टे वितळून चिकट होतात, दिवे मिळत नाहीत. यंत्र चालू स्थितीत असलं तरी एक गोष्ट हमखास चुकते: गेटच्या, म्हणजे जिथून चौकटीवर उजेड पडतो त्या खिडकीच्या, खालची फिल्मची सैल कमान. १६ मिमीत आवाज चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो आणि ते अंतर ही कमान राखते. कमान आखडली की चित्र उड्या मारतं, मोठी झाली की आवाज मागे पडतो. हे हाताने जमलेला माणूस जवळ नसेल तर लोकांची प्रिंट धोक्यात घालू नये.

स्वस्त पर्यायांबद्दल थोडक्यात. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचा ऑनलाईन प्लेअर ब्रिटनबाहेर चालत नाही, त्यामुळे इथून तो विसराच. त्यांच्या डिस्क चांगल्या असतात. लॉरा मल्व्ही आणि पीटर वॉलन यांची 'रिडल्स ऑफ द स्फिंक्स' (१९७७) त्यांनी नीट काढली आहे. पण ब्रिटनची डीव्हीडी रीजन २, भारताची ५, ब्लू-रेत त्यांची बी आणि आपली सी. घरचा प्लेअर डिस्क नाकारतो. लॅपटॉपच्या ड्राईव्हवर व्हीएलसी बहुधा चालवतो, ड्राईव्हचा रीजन बदलत बसू नका, तो पाचदाच बदलता येतो. डिस्क विकत घेतली म्हणजे जाहीर खेळाचा हक्क मिळत नाही. उबूवेब या अवांगार्ड कलेच्या संकेतस्थळावर पुष्कळ काही सापडतं, पण ते पुसट आणि हक्काविना. निवड करायला, टिपणं काढायला ठीक, पडद्यावर नको. वाचायला ए. एल. रीस यांचा प्रायोगिक फिल्मचा इतिहास आधी, डेव्हिड कर्टिस यांचा ब्रिटनपुरता २००७चा ग्रंथ नंतर.

कायद्याचं इतकंच: कॉपीराईट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामात, फक्त कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक यांच्यापुरती फिल्म दाखवायला सूट आहे. हॉल बाहेरच्यांना उघडला की ती सूट संपली. जाहीर प्रदर्शनाला १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याची प्रमाणपत्राची अटही येते, म्हणून एखाद्या नोंदणीकृत फिल्म सोसायटीच्या सदस्यांसाठीचा खेळ हा सोयीचा मार्ग.

एक शेवटची सूचना कोटेशनची. या फिल्म एकदा पाहून चर्चा होत नाही, लोक लगेच पुन्हा दाखवा म्हणतात, विशेषतः 'गर्ल च्युइंग गम' आणि 'ओम'. मागणीतच 'एका दिवसात दोन खेळ, दुसरा चर्चेसह आणि मधे थांबवून' असं लिहा. त्याची लेखी परवानगी आधी हातात असली की मग कितीही वेळा रिवाइंड करा.